कसले रोप्छ?

"कसले रोप्छ?" असं तिनं विचारलं आणि मी ते मराठी कानांनी ऐकलं. कसली म्हणजे काय, भाताचीच की रोपं, आणखी कसली असणार! मी हातातली मूठ वर धरून दाखवली आणि "धान," म्हटलं. ओळीतल्या सात-आठ बायका अशा हसल्या की त्यातली एक कमरेवर हात ठेवून सरळ उभीच राहिली. शेवटी बांधावरून आमच्या हॉटेलवाल्या दाइनं (नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ) हिंदीत उलगडा केला. नेपाळीत 'कसले' म्हणजे 'कोणी', 'कोण'. त्याआधी ओळीतल्या त्या दिदीनं मला विचारलं होतं, तुमच्याकडे खेत आहे का. मी मोठ्या ऐटीत आहे म्हणून सांगितलं होतं. तर आता ती विचारत होती, मग ते लावतं कोण?

"भाइ," मी म्हणालो.

खोटं होतं ते. आणि खोटं बोलायचं काहीएक कारण नव्हतं. ती बाई मला पुन्हा आयुष्यात भेटणार नव्हती. तिनं विचारलं तेही सहज, दोन रोपांच्या मधल्या श्वासात. कोणी लावत नाही, पडीक आहे, एवढं म्हटलं असतं तर ती "ए" म्हणून पुढच्या रोपाला वाकली असती. पण कमरेतून वाकलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखलात रुतलेल्या त्या ओळीत उभं राहून ते शब्द तोंडातून निघेनात. त्याऐवजी मी एक भाऊ तयार केला. देवगडातल्या आमच्या मळ्यात, पावसात, डोक्यावर इरलं घेऊन लावणी करणारा भाऊ. तिनं मान डोलावली. आणि ते डोलावणं मला अजून भातातल्या खड्यासारखं दाताखाली येतं.

नेपाळातल्या पोखऱ्याला आम्ही तिघे मित्र गेलो होतो तेच मुळी चुकीच्या दिवसांत. जूनअखेर. हॉटेलं स्वस्त असतात एवढंच त्या दिवसांचं कौतुक. माछापुच्छ्रे नावाचा सहा हजार नऊशे त्र्याण्णव मीटरचा डोंगर खिडकीसमोर आहे असं आम्हाला तीन दिवस फक्त सांगण्यात आलं. समोर होता तो ओल्या गोधडीसारखा ढग. चौथ्या संध्याकाळी दाइ म्हणाला, "उद्या असार पन्ध्र. ढग बघत बसण्यापेक्षा चिखलात चला." आपला आषाढ चंद्राबरोबर मागेपुढे होतो, त्यांचा असार सूर्याचा. त्यामुळे हा पंधरावा दिवस दरवर्षी २९ जूनच्याच आगेमागे येतो. लावणी काही त्या एका दिवसात उरकत नाही, पाणी मिळेल तशी ती महिनाभर चालते. पण या दिवशी दही-चिउरा खायचा आणि चिखलात उतरायचं हे घरोघर ठरलेलं. २००४ हे जगभर भाताचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्यानंतर सरकारनंही या दिवसाला राष्ट्रीय धान दिवस करून टाकलं. त्यामुळे सकाळी हॉटेलच्या टीव्हीवर एक मंत्री पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, गळ्यात झेंडूची माळ घालून रोप लावत होते. रोप धरण्याची त्यांची पद्धत बघून दाइची बायको स्वयंपाकघरातून काहीतरी बोलली. दाइनं त्याचा अनुवाद केला नाही.

शेत होतं बेगनास तलावाच्या बाजूला. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली खाचरं, प्रत्येकात आभाळाचा एकेक मळकट तुकडा. नेपाळीत खेत म्हणजे पाणी लागणारं, भाताचं, आणि बारी म्हणजे कोरडवाहू, मक्या-नाचणीची. फरक स्वच्छ आहे, आपल्या मळा आणि वरकस यांच्यासारखा. डोंगरात जमीन मोजतात ती रोपनीत, म्हणजे मोजमापाच्या नावातच रोप. एक रोपनी सुमारे ५०९ चौरस मीटर, जवळजवळ आपले पाच गुंठे, आणि तिचे पुन्हा सोळा आने. रुपयाचे आणे आपल्याकडून कधीच गेले. तिथं ते जमिनीत टिकलेत.

वरच्या अंगाला एक बैलजोडी दाँदे फिरवत होती. आमच्याकडे गुटा फिरवतात तसंच, चिखल सपाट करायला. खालच्या खाचरात त्याच कामाला एक हातट्रॅक्टर गुरगुरत होता. नांगर धरणारा तो हली. बांध छाटून, लिंपून, कोपरे कुदळीनं खणणारे ते बाउसे. आणि लावणाऱ्या बायका त्या रोपाहार. कामाची ही वाटणी इतकी पक्की की कुदळीला बाई नाही आणि ओळीत पुरुष नाही, पाहुणे सोडून. पाहुणा कुठंही चालतो, कारण त्याचं काम कामात धरलेलंच नसतं. बांधावर सनई, नगारे, झांजा घेऊन दमाई मंडळी उभी होती. ते चार तुकडे वाजवायचे आणि मग पलीकडे टेम्पोवर चढवलेला स्पीकर त्यांना गिळून टाकायचा. त्यातल्या सनईवाल्या म्हाताऱ्यानं काही वेळानं सनई पुसून पिशवीत ठेवली आणि मोबाइल बघत बसला.

एका बाईच्या पाठीवर बांबूच्या पट्ट्या आणि पानांचं विणलेलं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत येणारं कवच होतं. घुम म्हणतात त्याला. मी जवळ जाऊन हात लावला. ते इरलं होतं. विणकर वेगळा, पानं वेगळी, पण वास तोच, चुलीच्या धुराचा आणि भिजलेल्या पानांचा. माझ्या आजीचं इरलं आमच्या पडवीत कितीतरी वर्षं उलटं टांगलेलं होतं. त्यात एकदा कोंबडी खुडूक बसली, तेव्हापासून ते तिचंच झालं. पुढे कधी फेकलं, कोणी फेकलं, आठवत नाही.

चिखलात पहिला पाय घालताना अंगावर काटा आला. वरचा थर कोमट, खाली पाऊल जातं तिथं गार, आणि बोटांच्या फटींतून काहीतरी मऊ वर चढत जातं. चौदा-पंधरा वर्षांचा असेपर्यंत मी हे दरवर्षी केलेलं होतं, त्यामुळे आपल्याला येतं अशी माझी समजूत. तरव्याची, म्हणजे रोपांची, मूठ डाव्या हातात, उजव्या हाताच्या अंगठ्यानं दोन-तीन काड्या सुट्या करायच्या, दोन बोटं चिखलात खुपसायची आणि रोप उभं करून हात काढून घ्यायचा. खोल गेलं तर फुटवे कमी, उथळ राहिलं तर पाण्यावर तरंगतं. आणि चालायचं मागं मागं, म्हणजे लावलेलं समोर राहतं आणि तुडवलं जात नाही. हातांना हे सगळं आठवलं. कमरेला आठवलं नाही. चौथ्या ओळीत पाठीच्या मणक्यात कोणीतरी खुंटा ठोकतंय असं वाटायला लागलं. बाजूच्या दिदीचा हात मात्र शिवणयंत्रासारखा चालला होता, टुप टुप टुप, आणि वर ती गातही होती. असारे गाणं असं की एकीनं ओळ टाकायची, दुसऱ्या टोकानं ती उचलून खोडकर करून परत फेकायची. अर्थ कळत नव्हता. पण माझ्याकडे बघून सगळ्या फिस्स झाल्या, त्यावरून एक कडवं तरी माझ्या पार्श्वभागाबद्दल असावं.

त्याच सुमारास तो प्रश्न आला. त्या खोट्यानंतर मी फार नेटानं लावू लागलो.

मग चिखलफेक सुरू झाली. कोणी सुरू केली कळलं नाही. एक गोळा माझ्या कानावर फुटला आणि पुढच्या मिनिटाला सगळं शेत एकमेकांच्या अंगावर. माझा एक मित्र, जो पुण्यात गाडीच्या मॅटवर माती पडली तर तोंड पाडतो, तो पालथा पडून पोहत होता. मी हसत होतो, खरं हसत होतो. इतक्या मोकळ्यानं शेवटचा कधी हसलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला तर वर्ष लागेना. पुढे जे लिहिणार आहे त्यानं या हसण्यावर पाणी पडू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो. पायाला दोन जळवा लागल्या होत्या तेही मला संध्याकाळी कळलं, मोजे रक्तानं ओले झाले तेव्हा.

पण त्या गदारोळात एक गोष्ट दिसली. तीन बायका फेकाफेकीत नव्हत्या. त्या खालच्या खाचरात गेल्या होत्या, स्पीकरच्या टप्प्याबाहेर, आणि तिथं लावणी चालूच होती. टुप टुप टुप.

जेवण बांधावरच. पत्रावळीवर चिउरा, त्यावर लाकडी ठेकीतून ओतलेलं घट्ट दही, केळं, आंब्याची फोड आणि बाजूला तिखटजाळ बटाटा. चिउरा म्हणजे पोहेच, पण आपल्या पातळ पोह्यांपेक्षा कणखर. दह्यातही तो आपला ताठा सोडत नाही. आमच्याकडे गोकुळाष्टमीचे दहीपोहे असतात, आलं-मिरची घातलेले, देवासाठी. इथले दहीपोहे देवासाठी नाहीत. चुलीपाशी बसायला वेळ नाही, अंग उन्हापावसानं तापतं, पोटाला थंड आणि तासन्‌तास टिकेल असं काहीतरी हवं, त्यासाठी आहेत. ठीक एक महिन्यानं, साउन पंधराला, खीर खायची. तोवर लावणी संपलेली असते आणि चुलीपाशी बसायला सवड असते. माझ्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला असारचं ब्रीद ऐकवलं, मानो रोपेर मुरी. म्हणजे मानाभर रोवायचं आणि मुरीभर काढायचं. आठ माने म्हणजे एक पाथी आणि २० पाथी म्हणजे एक मुरी, म्हणजे एकाचे एकशेसाठ. मी त्यांना आमची पायली, मण आणि २० मणांची खंडी सांगितली. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि खंडी मोठी असल्याचं थोड्या नाराजीनं मान्य केलं.

त्या संध्याकाळी मी आईला फोटो पाठवले. दहा मिनिटांत फोन आला. "मेल्या, लावणी करूक थयसर गेलस? पैशे घेतलस काय दिलस?"

दिले होते. दीड हजार नेपाळी रुपये, जाण्यायेण्याची गाडी आणि जेवण धरून. मी ते सांगितलं नाही. दिवसभरातलं हे दुसरं.

आमचा मळा म्हणजे सगळे मिळून सहा कुणगे, म्हणजे खाचरं. वहाळाच्या काठाला, घरापासून उतरून पाच मिनिटं. लहानपणी मिरग लागला की आमच्या घराची भाषाच बदलायची. तरवा किती हाताचा झाला, जोत कोणाकडून, कोणाच्या घरचे किती हात आपल्याकडे आले आणि आपण त्यांच्याकडे किती द्यायचे. देशावर याला सावड म्हणतात, नेपाळात पर्म. पैसे नाहीत, हाताला हात. दुपारी पेज आणि भाजलेला बांगडा बांधावर यायचा. पाऊस पेजेत पडायचा आणि ती वाढत जायची, असं आमचा एक काका म्हणायचा. आम्ही पोरं तरव्याच्या मुठी पोचवायचो आणि मधेच कुर्ल्या पकडायचो. हे सगळं मला आता सुंदर आठवतं. तेव्हा ते सुंदर होतं का? मला तेव्हा फक्त शाळा सुरू व्हायची घाई झालेली असायची, आणि काकीच्या पायांना चिखल्या होऊन बोटांमधली कातडी पांढरी सोललेली असायची, ती रात्री चुलीपुढे बसून तेल लावायची. ती गाणी म्हणत नसे. तिला कोणी विचारलं असतं की हा उत्सव आहे का, तर तिनं तेलाची वाटी उचलून फेकली असती.

मग एकेक गळत गेलं. आजी गेली, बाबा गेले, काकाचे गुडघे गेले, बैल गेले. सातबाऱ्यावर आता तेवीस नावं आहेत, त्यांतली सतरा मुंबई-पुण्याची. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर भात विकत घेण्यापेक्षा पिकवणं महाग, आणि पिकलंच तर आधी माकडं आणि रानडुकरं. ही सगळी कारणं खरी आहेत. मी ती पाठ म्हणू शकतो. आठ वर्षं झाली, मळ्यात कमरेएवढं गवत असतं. त्याच तालुक्यातून पावसाळ्यात माझ्या फोनवर जाहिराती येतात, या, चिखलात खेळा, भातलावणीचा अनुभव घ्या, जेवणासह. दोनदा मी त्या पुढेही पाठवल्या आहेत.

दाइ हे सगळं ऐकून हसला. त्याच्याच सज्जात बसलो होतो, बाहेर पाऊस. तो अकरा वर्षं दोह्यात होता, त्या पैशातून हे हॉटेल. त्याचं स्वतःचं गाव डोंगरात वर, तिथली त्याची चौदा रोपनी जमीन बाँझो आहे. बाँझो म्हणजे पडीक. आपल्या वांझ शब्दाचाच तो भाऊ असावा, आणि कानाला तसाच लागतो. कारणं? माणसं कतारला, मलेशियाला, आणि राहिलेल्यांना माकडं. मी म्हटलं, आमच्याकडेही माकडंच. आम्ही दोघं बराच वेळ माकडांना शिव्या देत बसलो, ते सोपं होतं. मग तो म्हणाला, "पोखऱ्याचा जेठोबुढो तांदूळ सगळ्यात चांगला. पण माझ्या हॉटेलात मी तुम्हाला कुठला वाढतो? तुमचाच." २०२३च्या जुलैमध्ये भारतानं पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा त्याच्या बाजारात दर कसे उडाले ते त्यानं सांगितलं. नंतर नेपाळसाठी ९५ हजार टनांची परवानगी मिळाली, तो आकडाही त्याला पाठ होता. भाताच्या देशात भात बाहेरून. मी काही बोललो नाही. पाहुण्यानं देशाच्या वतीनं काय बोलायचं?

मग सकाळचा तो सगळा दंगा कशाचा होता? मी विचारलं नाही, पण त्यानंच उत्तर दिल्यासारखं केलं. म्हणाला, माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, वर्षातून या एकाच दिवशी त्याचा पाय चिखलात जातो. तेवढा तरी जातो.

यात आणखी एक माणूस आहे, आणि खरं तर त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. आमच्या कलमांवर गेली सहा वर्षं एक नेपाळी राखणदार येतो. देवगड-रत्नागिरीकडे आता हापूसची बाग म्हटली की नेपाळी माणूस आलाच. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणं, आणि बंदरावर गेलात तर ट्रॉलरवर खलाशीही तेच. दिवाळीच्या आसपास येतात, आंबा संपला की मेअखेर जातात. गावात सगळ्यांनाच बहादूर म्हणतात. आमचा अछामचा आहे, नेपाळच्या पार पश्चिम टोकाचा. मेमध्ये त्याची चलबिचल सुरू व्हायची, झाडावर आंबा असला तरी. आई म्हणायची, चार दिवस थांब. तो म्हणायचा, "असार आला आई, रोपाइँ आहे." आम्ही ते वर्षानुवर्षं घरची ओढ म्हणून ऐकलं. असार म्हणजे काय आणि रोपाइँ म्हणजे काय, ते मला पोखऱ्याच्या त्या चिखलात कळलं. तो रोपं लावायला जात होता. आमच्या पडीक मळ्याच्या कडेनं चालत, पिशवी खांद्याला लावून.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा तो आलेला होता. मी मोठ्या उत्साहानं त्याला व्हिडिओ दाखवला, दाइच्या मुलानं काढलेला. पडवीत तो फोन दोन्ही हातांत धरून बसला. त्याच्या डोंगरातली बोली वेगळी, तरी पोखऱ्याची नेपाळी त्याला कळते. व्हिडिओत मी वाकलेला आहे, दिदी विचारते, मी "भाइ" म्हणतो. तिथं त्यानं माझ्याकडे पाहिलं का? मला वाटतं नाही पाहिलं. त्यानंतर मी तोंड फिरवतो आणि ती पलीकडच्या बाईला काहीतरी म्हणते, दोघी हसतात. चार महिने मला तेच वाक्य हवं होतं. मी पुन्हा तिथं नेऊन थांबवलं. "ती काय म्हणते?"

त्यानं ते दोनदा ऐकलं. "आली वर पाय देतो बोलते. फुटेल बोलते."

आली म्हणजे बांध. एवढंच. मी बांधावर पाय देत होतो.

फोन मात्र त्यानं परत दिला नाही. बोटांनी चित्र मोठं केलं, माझ्या चेहऱ्यावर नाही, माझ्या हातातल्या मुठीवर. रोपांचे शेंडे पिवळे दिसत होते, काड्या लांब, गाठी धरलेल्या. मला ते तेव्हा दिसलं नव्हतं, आणि दिसलं असतं तरी कळलं नसतं.

"बीऊ म्हातारा झाला ह्यांचा," तो म्हणाला. बीऊ म्हणजे तरवा. "पाणी उशिरा आलं असेल. नाहीतर थांबवून ठेवला, दिवसासाठी."

मग जरा थांबून त्यानं विचारलं, "शेत कोणाचं दादा?"

मी आठवून पाहिलं. दाइचं नव्हतं. त्या बायकांचं होतं की त्या कोणाकडे मजुरीनं आल्या होत्या, की पर्मानं, मी विचारलं नव्हतं. माहीत नाही म्हणालो. त्यानं मान डोलावली, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला, आवाज बंद करून.